दुखरा खांदा आणि जाणता हात

सकाळी सहा-सातच्या सुमारास हेंद्रेपाड्यातून बदलापूर स्थानकाकडे निघालेल्या मंडळींच्या चालीकडे कोणी जरा लक्ष देऊन पाहिले, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. पुष्कळांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित वर ओढलेला असतो. त्याच खांद्यावर डब्याची पिशवी लटकते. पुढे गाडीत जागा न मिळाल्यास त्याच बाजूचा हात वरच्या कडीला अडकतो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून ६८ किलोमीटर दूर आहे. हा प्रवास कित्येकांना उभ्यानेच करावा लागतो आणि संध्याकाळी तोच उलट दिशेने पुन्हा करावा लागतो. आठवडाभर मुकाट्याने राबलेला हा खांदा रविवारी आपली कैफियत मांडू लागतो. मान एका बाजूस वळत नाही, पाठीच्या वरच्या अंगास कोणी खुंटी मारून ठेवल्यासारखे वाटते, आणि मग घरात तेलाची वाटी गरम होते.

केवळ चाकरमान्यांचीच ही गोष्ट आहे असे नव्हे. शेजारच्या उल्हासनगरात शिलाईच्या यंत्रावर दिवसभर मान वाकवून बसणारे कारागीर, अंबरनाथच्या कारखान्यांत उभ्याने काम करणारे कामगार, आणि या तिन्ही गावांत ओट्यापाशी, धुण्यापाशी व आजाऱ्याच्या उशापाशी वाकणाऱ्या गृहिणी, या सर्वांचे दुखणे एकाच कुळातले. त्यावर इलाज करणारे हात मात्र नाना प्रकारचे असतात. कधी तो आईचा किंवा पत्नीचा हात असतो, कधी केशकर्तनालयातील कारागिराचा, कधी हाडवैद्याचा, तर कधी पदवीधर फिजिओथेरपिस्टचा. हे सर्व हात एकाच अंगावर फिरतात. तथापि त्यांच्या कामाचे फळ सारखे नसते. एका हाताने मान मोकळी होते, तर दुसऱ्या हाताने एखाद्या मुलाचे कोपर जन्मभर आखडते. हा फरक कोठून येतो, हे समजावून घेण्यासाठी कातडीखाली काय आहे आणि हात तेथवर कितपत पोहोचतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

शरीरातील हाडे वगळली, तर त्यांच्या भोवतीचा जो मऊ संभार उरतो त्यात स्नायू असतात, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा असतात, हाडांना हाडाशी बांधणारे अस्थिबंध असतात, आणि या सर्वांना वेढून टाकणारा एक चिवट पातळ पडदा असतो. संत्र्याची साल काढल्यावर प्रत्येक फोडीभोवती जसे पांढरे आवरण दिसते, तसाच काहीसा हा पडदा होय. यांपैकी स्वतः आकुंचन पावण्याची शक्ती एकट्या स्नायूंना आहे. स्नायू आखडला आणि लगेच सैल झाला, की त्यातील रक्तवाहिन्यांतून रक्त खेळते राहते. पण तोच स्नायू तासन्‌तास अर्धवट ताणलेला ठेवला, तर आतील रक्ताभिसरण मंदावते, तेथील मज्जातंतू चिडतात आणि वेदनेची वर्दी मेंदूकडे जाऊ लागते. ओझे उचलणाऱ्या हमालापेक्षा नुसती मान पुढे काढून बसणाऱ्या कारकुनाची मान अधिक दुखावी, यातील वरवरचे नवल अशा रीतीने नाहीसे होते. हमालाचा स्नायू काम करतो आणि विसावतो. कारकुनाच्या स्नायूस विसावा ठाऊकच नसतो.

दुसरे असे की, दुखू लागलेल्या भागाभोवतीचे स्नायू त्या भागाची हालचाल होऊ नये म्हणून आपण होऊन घट्ट होतात. हा शरीराचा पहारा होय. दुखापत ताजी असेल तोवर तो उपयोगाचा असतो. पण दुखापत भरून आल्यावरही कित्येकदा हा पहारेकरी दार सोडीत नाही. मग मान आखडली असे आपण म्हणतो. सांध्यात वास्तविक काही अडकलेले नसते. हालचाल धोक्याची आहे अशी मज्जासंस्थेची जी समजूत झालेली असते, ती अडकलेली असते.

येथे दोन लोकसमजुतींचा समाचार घेणे अवश्य आहे. व्यायामाने किंवा ओझ्याने अंग दुखले, की स्नायूत ‘आम्ल साचले’ आणि मालीशने ते बाहेर काढले, असे शिकलेले लोकही सांगतात. वस्तुतः जोराच्या श्रमाने रक्तात वाढणारे हे द्रव्य तासा-दीड तासात शरीर स्वतःच निकालात काढते. उल्हास नदीच्या पुराचे पाणी २००५ साली आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत बदलापूरच्या पश्चिमेकडील सखल वस्तीत शिरले. अशा वेळी धान्याचे डबे, गाद्या आणि कपाटे घेऊन ज्यांना जिने चढावे-उतरावे लागतात, त्यांचे अंग त्या रात्री फारसे दुखत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक दुखते. आम्लाची गोष्ट खरी असती, तर क्रम याच्या उलट व्हावयास हवा होता. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच असे सुचविले होते की, ही उशिरा येणारी वेदना स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची असते. विशेषतः ओझे घेऊन जिना उतरताना स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, तेव्हा ही इजा अधिक होते. ती तीन-चार दिवसांत आपोआप भरून येते. हलक्या मालीशने त्या अवधीत बरे वाटते एवढेच. जोराने रगडून ती लवकर भरते असे मात्र नाही.

दुसरी समजूत गाठीची. खांद्यावर बोट दाबले असता हरभऱ्याएवढी टणक गाठ हाताला लागते आणि ती दाबताच कळ डोक्यापर्यंत जाते, हा अनुभव अनेकांचा आहे. या ‘वेदनाबिंदूं’चा नकाशा अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अनेक वर्षे खपून तयार केला. १९६१ मध्ये त्या अध्यक्ष केनेडी यांच्या वैद्यकीय सल्लागार झाल्या. केनेडींची पाठ सदैव दुखत असे हे प्रसिद्धच आहे. पुढे डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी १९८३ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आजही कित्येक उपचारक तो प्रमाण मानतात. परंतु हे बिंदू म्हणजे नेमके काय, याविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. एकाच रोग्याच्या खांद्यावर दोन अनुभवी उपचारकांना स्वतंत्रपणे गाठी शोधावयास सांगितले, तर त्यांची बोटे पुष्कळदा निरनिराळ्या जागी पडतात. रोग्याची वेदना खरी असते, दाबल्यावर तिला उतार पडतो हेही खरे असते. ‘गाठ फोडली’ हे वर्णन तेवढे खरे नसते.

मग हात करतो तरी काय? मर्दनाच्या क्रियांना मराठीत जितके शब्द आहेत तितके क्वचितच दुसऱ्या भाषेत असतील. चोळणे वेगळे, चेपणे वेगळे, रगडणे वेगळे, मळणे वेगळे, थापटणे वेगळे. लहान मुलाने दमून आलेल्या वडिलांच्या पाठीवर पाय देणे हा आणखी एक प्रकार. आजीला ‘पाय चोळू का’ असे विचारावे, तर ती ‘चोळू नको, नुसते चेप’ असे बजावते, यात सूक्ष्म शास्त्र आहे. चोळण्यात हात कातडीवरून सरकतो. चेपण्यात तो एकाच जागी राहून खोलवर दाब देतो. युरोपात १९ व्या शतकात स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग यांनी पद्धतशीर व्यायामाचे शास्त्र उभारले आणि हॉलंडचे डॉ. योहान मेझगर यांनी मर्दनाच्या क्रियांचे वर्गीकरण रूढ केले. त्या वर्गीकरणातील फ्रेंच नावे आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. पण ती नावे ज्या क्रियांची आहेत त्या म्हणजे आपले चोळणे, मळणे आणि थापटणे हेच होत. उलट दिशेनेही देणेघेणे झाले आहे. मूळचे पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी १९ व्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि चंपी यांचे दुकान थाटले. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांचे ते चंपी-शल्यविशारद म्हणवले जात. केस धुण्याच्या द्रव्यास आज जगभर शॅम्पू म्हणतात, तो शब्द या चंपीचाच वंशज आहे.

हाताचा दाब पडला, की कातडीतील आणि स्नायूंतील स्पर्शाचे व दाबाचे मज्जातंतू जागे होतात. त्यांचे संदेश मज्जारज्जूत शिरताना वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली, आणि तिच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या असल्या तरी गाभा टिकून आहे. ठेच लागताच मनुष्य नकळत अंगठा दाबून धरतो, त्यामागे हेच कारण आहे. याशिवाय दाबाने आणि उबेने मन शांत होते, श्वास सावकाश होतो, आणि पहारेकरी स्नायू आपली पकड सैल करतो. म्हणून मालीशनंतर मान अधिक वळते. पूर्वी असे मानले जाई की, स्नायूंवरील पडद्याचे चिकटलेले थर बोटांनी सुटे होतात. पण मांडीच्या बाहेरच्या अंगाचा किंवा तळपायाचा जाड पडदा शेकडा एक इतका जरी ताणावयाचा म्हटला, तरी त्यास लागणारा जोर मनुष्याच्या हातांच्या आवाक्यापलीकडचा आहे, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दिसून आले. म्हणजे मालीशनंतर लाभलेली मोकळीक पडदा लांबल्याची नसून शरीराची भीती कमी झाल्याची असते. हा भेद पंडिती काथ्याकूट नव्हे. त्यातून उपचाराची सारी रीतच बदलते. जोर जितका अधिक तितका गुण अधिक, हे गणित मग कोसळते. ज्या दाबाने रोगी दात-ओठ खातो आणि श्वास रोखतो, त्या दाबाने पहारेकरी झोपत नाही, तो अधिकच सावध होतो.

भीती कमी झाल्याची ही अवस्था फार वेळ टिकत नाही. काही तास, फार तर एक-दोन दिवस. कंबरदुखीवरील मालीशच्या प्रयोगांचा जो मोठा आढावा २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष असाच होता की, उतार पडतो पण तो अल्पकाळचा, आणि त्याविषयीचा पुरावाही फार भक्कम नाही. मालीशवाल्यांची निंदा करण्यासाठी हे सांगावयाचे नाही. दुखणारा मनुष्य दोन तास जरी मान मोकळी वळवू शकला, तरी ते दोन तास अनमोल आहेत. मात्र ते त्याने वापरले पाहिजेत. मान मोकळी होताच ती सावकाश सर्व बाजूंस फिरवली, खांदे वर-खाली केले, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा केले, म्हणजे मज्जासंस्थेस हळूहळू प्रचीती येते की ही हालचाल निर्धोक आहे. तसे न करता मालीश झाल्यावर जो मनुष्य लोडाला टेकून दूरदर्शनसंचापुढे बसतो, तो पुढच्या रविवारी पुन्हा तेलाची वाटी मागतो.

आपल्या जुन्या तालमींना हे चांगले ठाऊक होते. कोल्हापुरासारख्या ठिकाणी तांबड्या मातीच्या हौद्यात मेहनत करून आलेले पैलवान एकमेकांचे अंग रगडतात. पण तेथे मर्दन हे मेहनतीच्या मागून येते, मेहनतीच्या ऐवजी येत नाही. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी अनुभवी बाईसुद्धा तेल जिरवून थांबत नाही. ती बाळाचे हात छातीवर आडवे-उभे जुळवते, पाय पोटाशी दुमडते व सोडते. हालचालीवाचून मर्दन तिला अपुरे वाटते. शहरातील घरांत दिवाळीचे अभ्यंगस्नान राहिले आणि सूर्यनमस्कार तेवढे गळून पडले, असेच म्हणावयाची वेळ आली आहे. आयुर्वेदानेही अभ्यंगाची सरसकट शिफारस केलेली नाही, हे विसरता कामा नये. वाग्भटाने नित्य अभ्यंगाचा उपदेश करताना अजीर्ण झालेला, नुकतेच शोधन घेतलेला आणि कफाने ग्रासलेला मनुष्य यांना तो वर्ज्य सांगितला आहे. तेव्हा सरसकट चोळण्याला शास्त्राधार आहे अशा भ्रमात कोणी राहू नये. तेल स्वतः स्नायूंपर्यंत झिरपत नाही. ते हात सरकता ठेवते, आणि गरम असेल तर ऊब देते. महागड्या बाटलीवरील वर्णने वाचताना एवढे लक्षात ठेवले म्हणजे पैसे वाचतात.

आता खांद्याकडे वळू. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत काहीसा अधिक, असा एक विकार आढळतो की ज्यात खांदा प्रथम रात्रंदिवस ठणकतो आणि मग हळूहळू जागच्या जागी खिळून जातो. स्त्रीला वेणी घालता येत नाही, चोळीचे बंद मागे बांधता येत नाहीत. पुरुषाचा हात मागच्या खिशापर्यंत पोहोचत नाही. बॉस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनी १९३४ मध्ये यास गोठलेला खांदा असे नाव दिले, आणि तेच सर्वत्र रूढ झाले. मधुमेह्यांत तो विशेष आढळतो. किंबहुना काहींचा मधुमेह या खांद्याच्या निमित्तानेच प्रथम उघडकीस येतो. येथे सांध्याभोवतीची पिशवीच दाह पावून जाड व आखूड झालेली असते. म्हणजे हा नुसता पहारेकरी नव्हे, ही खरोखरीची भिंत आहे.

दोहोंतील भेद घरच्या घरी अजमावता येतो. रोग्याने उभे राहून कोपर कमरेला टेकवावे आणि ते काटकोनात दुमडावे. मग दुसऱ्या कोणी त्याचा पंजा धरून हलकेच बाहेरच्या बाजूस न्यावा. स्वतःच्या बळावर हात फिरत नाही, पण दुसऱ्याने नेला असता सहज जातो, तर दोष बहुधा स्नायूत किंवा कंडरेत असतो. दुसऱ्याच्या हातानेही तो भिंतीला टेकल्यासारखा थांबतो, तर खांदा गोठत चालला असण्याचा संभव मोठा. तेथे हट्टाने रगडून किंवा हात ओढून वर नेण्यात हशील नाही. ठणक्याच्या पहिल्या अवस्थेत तर अशा ओढाताणीने दाह वाढतो आणि दुखणे लांबते. याचा एकंदर काळ एक ते तीन वर्षांचा असतो. आरंभीच वैद्यकीय सल्ल्याने सांध्यात दिलेले दाहशामक इंजेक्शन, वेदनेच्या आत राहून रोज केलेली झुलवण, आणि ठणका ओसरल्यावर क्रमाने वाढवलेले ताणाचे व्यायाम, हा राजमार्ग होय. झुलवण म्हणजे टेबलाला एका हाताने टेकून वाकावे आणि दुखरा हात लंबकाप्रमाणे सैल सोडून हलके हेलकावे द्यावेत. ती दिसावयास फारच साधी असल्याने पुष्कळांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. दहा वेळा खांदा रगडून घेणारी मंडळी आठवडाभर ही झुलवण करताना आढळत नाहीत.

खांद्याने निदान माणसाचे आयुष्य बिघडत नाही. कोपराची गोष्ट निराळी, आणि ती प्रत्येक पालकाने कान देऊन ऐकावी अशी आहे. मूल झाडावरून किंवा सायकलवरून पडते, कोपर सुजते, हाड मोडले असेल असे वाटतही नाही. कोणी वडीलधारे माणूस म्हणते, ‘जरा तेल लावून रगडा, नाहीतर हात आखडेल.’ हेतू शुद्ध असतो. परिणाम नेमका उलट होतो. कोपरासमोर दंडाचा एक खोल स्नायू हाडाला लगटून असतो. दुखापतीत तो फाटलेला असतो आणि तेथे रक्त साकळलेले असते. त्याला रगडले किंवा आखडलेला हात जबरीने सरळ केला, की त्या रक्ताच्या जागी स्नायूतच हाड तयार होऊ लागते. प्रथम सूज व उष्णता वाढते, मग हालचाल कमी होते. ती कमी झाली म्हणून घरची मंडळी आणखी जोराने रगडतात, आणि कोपर अखेर काटकोनात खिळते. भारतातील अस्थिरोगाची पाठ्यपुस्तके या प्रकाराबद्दल पुनःपुन्हा बजावतात, कारण आपल्याकडे दुखऱ्या भागाला चोळण्याची सवय घरोघर मुरलेली आहे. कोपराच्या दुखापतीनंतर मालीश मुळीच नको. प्रथम क्ष-किरण चित्र काढावे. प्लास्टर निघाल्यावर मुलाला खेळण्यात गुंतवून त्याचा तो हात त्यालाच हलवू द्यावा. हात सुटण्यास महिने लागतात, आणि तेवढा धीर धरणे हाच त्यावरील उपचाराचा मोठा भाग होय. त्याचप्रमाणे मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधल्याने रक्तपुरवठा तुटून बोटे कायमची वाकल्याची उदाहरणेही वैद्यकास अपरिचित नाहीत. बांधल्यावर बोटे काळी-निळी पडली, बधिर झाली किंवा ती सरळ करताच मूल किंचाळले, तर एक तासही न दवडता ते बंधन सोडले पाहिजे आणि रुग्णालय गाठले पाहिजे.

हात लावू नये अशी आणखीही काही ठिकाणे आहेत. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या बैठ्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली, तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात जाण्याचे भय असते. बाळंतिणीच्या मालीशेची प्रथा ज्या घरांत आहे, तेथे ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. डावा खांदा किंवा हात चालताना भरून येतो, घाम सुटतो, छातीवर दाब पडतो, तर ते दुखणे स्नायूचे समजून तेल शोधीत बसू नये. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला. ताप आणि वजनातील घट यांच्या सोबतीने रात्री झोपमोड करणारी पाठदुखी आली. अशा वेळी मालीशवाल्याची नव्हे, डॉक्टरांची पायरी चढावी. आणि केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडाकड मोडून घेण्याचा जो शौक आहे, तो तर सर्वस्वी टाकाऊ होय. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीचे अस्तर अशा झटक्याने फाटू शकते. दुर्घटना क्वचितच होते हे खरे; पण त्या कडकड आवाजाने मिळणारे सुख इतक्या मोलाचे खासच नाही.

हे सर्व जाणणारा हात तयार करावा लागतो, याची जाणीव समाजास हळूहळू झाली. लंडनमध्ये १८९४ साली परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली, तेव्हा मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून या धंद्याची अब्रू राखणे हाही तिचा एक उद्देश होता. तीच पुढे तेथील फिजिओथेरपीची अधिकृत संस्था झाली. आपल्याकडे या विद्येस चालना मिळाली ती पोलिओच्या संकटातून. लुळ्या पडलेल्या मुलांच्या स्नायूंना पुन्हा कामास लावणारे हात हवे होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली, आणि देशातील या शिक्षणाचा पाया तेथे घातला गेला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. त्या मुलांसाठी निर्माण झालेली ही विद्या आज मधुमेह्याच्या खांद्यासाठी आणि चाकरमान्याच्या मानेसाठी राबते आहे. २०२१ मध्ये संसदेने या आणि अशा इतर व्यवसायांच्या शिक्षणाची व नोंदणीची व्यवस्था लावणारा कायदाही केला. तेव्हा दारावर पाटी दिसली तरी उपचारकाची पदवी व नोंदणी विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

चांगला उपचारक ओळखण्याची आणखीही एक खूण आहे. तो हात लावण्यापूर्वी विचारपूस करतो: दुखणे कधीपासून, कशाने वाढते, मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय. मग हालचाल मोजतो, नंतर दाबतो, आणि पुन्हा मोजतो. शेवटी दोन-तीन व्यायाम शिकवून ते आपल्यासमोर करवून घेतो. जो पहिल्याच दिवशी वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागतो आणि घरी काय करावे हे सांगत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा न गेलेले बरे.

हेंद्रेपाड्यातील त्या चाकरमान्याला तर आरंभ घरच्या घरीच करता येईल. गरम पाण्यात पिळलेला पंचा दहा मिनिटे खांद्यावर ठेवावा. मग भिंत आणि खांद्याच्या मागचा मऊ भाग यांच्यामध्ये मुलांचा रबरी चेंडू धरून त्यावर अंगाचा भार हळूहळू द्यावा. दाब दुखला तरी चालेल, पण श्वास अडखळता कामा नये. अर्धा-एक मिनिट थांबून जागा बदलावी. कण्यावर, मानेच्या पुढच्या बाजूस आणि काखेत हा प्रयोग करू नये. त्यानंतर लगेच दाराच्या चौकटीत दोन्ही हात टेकून छाती पुढे न्यावी, मान दोन्हीकडे सावकाश वळवावी, दहा-दहा वेळा. सकाळी गाडीत कल्याण येईपर्यंत एक हात कडीला असेल, तर कल्याणनंतर दुसरा लावावा, आणि डब्याची पिशवीही त्याच वेळी दुसऱ्या खांद्यावर घ्यावी. गर्दीत हात हलवण्याइतकी जागा मिळाली, तर.